फोटो टाकण्याआधी

माझी शाळा हसनाबादच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून तीन-चार किलोमीटर आत आहे. मी राहते नवीन जालन्यात. आम्ही चार शिक्षिकांनी मिळून एक गाडी लावली आहे. ती सकाळी मला स्टेशनच्या रस्त्यावरून घेते. मग बाकीच्या तिघी आपापल्या शाळेच्या गावाला उतरत जातात आणि शेवटी मी एकटीच उरते. शाळेचं निम्मं काम या गाडीतच होतं. कुणी माहिती भरत असतं, कुणी कालच्या कार्यक्रमाचे फोटो ग्रुपवर टाकत असतं.

फोटो टाकण्यात आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांत, माझा हात कुणी धरत नसे. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. तांदूळ आला, पोत्यांचा फोटो. खिचडी शिजली की पंगतीचा फोटो. मुख्याध्यापक सर मोबाइलच्या बाबतीत जरा मागे, त्यामुळे हे काम माझ्याकडे आपसूक आलं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. मुलं छान दिसायची. फोटोखाली अंगठे यायचे. माझं स्टेटस पाहून जुन्या मैत्रिणी म्हणायच्या, "तुझी शाळा किती जिवंत आहे गं!"

अशात पंचायत समितीच्या हॉलमध्ये एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय होता डिजिटल नागरिकत्व. माझ्या शेजारी बसलेले एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "आधी साधं नागरिकशास्त्र तर पूर्ण होऊ द्या." आसपासचे सगळे हसले. मीही हसले, पण वहीत सगळं उतरवून घेतलं. शिकवणारी मुलगी तरुण होती आणि ती जे सांगत होती ते माझ्या वर्गात रोज घडत होतं. माझ्या सातवीच्या वर्गात सव्वीस मुलं. स्वतःचा फोन एकाकडेही नाही, पण घरातला फोन सगळ्यांच्याच हातात.

मी आठवड्यातून एक तास त्यासाठी ठेवला. पहिल्या तासाला कुलपाचा विषय घेतला, म्हणजे फोनच्या पासवर्डचा. मी विचारलं, घरातल्या फोनचं पॅटर्न कुणाकुणाला येतं? सव्वीसच्या सव्वीस हात वर. एक जण म्हणाला, "मॅडम, मला तर सरपंचाच्या फोनचंबी येतं." दुसऱ्या तासाला पुढं ढकललेल्या खोट्या निरोपांबद्दल बोललो. उद्या सगळ्या शाळांना सुट्टी, असा एक निरोप त्याच महिन्यात गावात फिरला होता आणि निम्मा वर्ग दुसऱ्या दिवशी घरी राहिला होता. ते प्रकरण ताजं असल्यानं तास फार रंगला.

तिसरा तास फोटोचा.

मी विचारलं, "समजा मैत्रीण वर्गात डुलक्या घेत होती. तुम्ही तिचा फोटो काढला आणि सगळ्या गावाला पाठवला. चालेल?"

"न्हाई!" सगळी एका सुरात.

"मग काय करायचं?"

"इचारायचं!"

मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दुसऱ्याचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारावं.' वहीत उतरवून घ्या म्हणाले. मुलं खाली मान घालून लिहू लागली. तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. वर्गात सगळ्यात उंच, अक्षर मोत्यासारखं, बोलणं मात्र फार कमी. तिची आई शेतात मजुरीनं जाते. घरात मायलेकी दोघीच.

"मॅडम, मोठ्या माणसानं लहान्या माणसाचा फोटो टाकला तर?"

"तरीही विचारायचं."

"मंग तुम्ही आम्हाला इचारलं होतं का?"

ती उद्धटपणे बोलली नव्हती. गणितात एखादी पायरी कळली नाही तर ती ज्या आवाजात विचारते, त्याच आवाजात तिनं हे विचारलं. पण सव्वीस पेनं थांबली. मी खडू हातात घेऊन उभी. डोक्यात तीन-चार उत्तरं आली. शाळेचं काम आहे, वरून मागतात, तुमच्या भल्यासाठीच आहे. त्यातलं एकही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "नाही विचारलं."

तिनं मान हलवली आणि लिहायला लागली. तेवढ्यात घंटा झाली.

मधल्या सुट्टीत मी ऑफिसात बसून फोन उघडला. गेल्या वर्ष-दीड वर्षाचे फोटो वर सरकवत गेले. ते अक्षरशः शेकड्यांनी निघाले. तोंडात घास असलेली मुलं. शेंबूड पुसणारं लेकरू. स्पर्धेत हरून रडणारा एक जण, त्याखाली मी हसरा चेहरा टाकला होता. आणि गेल्या थंडीतला एक फोटो. जालन्याच्या काही व्यापाऱ्यांच्या मंडळानं स्वेटरं वाटली होती. मध्ये ती उंच मुलगी, हातात लाल स्वेटर, दोन्ही बाजूंना फेटे बांधलेली सहा माणसं. सगळी कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. ती एकटी खाली बघते आहे. हा फोटो मी काढला होता आणि मंडळाच्या लोकांना पाठवलाही मीच होता. त्यांनी तो त्यांच्या फेसबुकच्या पानावर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'गरजू विद्यार्थिनीला मायेची ऊब.'

तेव्हा मला आठवलं. त्या थंडीत बाकीची मुलं रोज स्वेटर घालून यायची. ही कधीच घालून आली नव्हती.

माझं बालपण टेंभुर्णीला गेलं. आमची वस्ती बौद्धांची, वडील गवंडीकाम करायचे. मी पाचवीत असताना शाळेत कुणीतरी पुस्तकं वाटली आणि माझा फोटो एका छोट्या साप्ताहिकात छापून आला. त्याखाली गरीब मुलीच्या चेहऱ्यावर फुललेल्या हास्याबद्दल काहीतरी होतं. मी हसत नव्हते. डोळ्यांवर ऊन आलं होतं म्हणून तोंड तसं झालं होतं. पण वडिलांना कोण आनंद! त्यांनी ते कात्रण पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. घरी कुणी आलं की पेटी उघडायची आणि दाखवायचं, "पोरगी पेपरात आली." मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर निघून जायची. त्यातला कोणता शब्द मला टोचतो, हे त्यांना कधी सांगता आलं नाही. त्यांचा आनंद मोडायची हिंमतच झाली नाही.

त्या संध्याकाळी गाडीत मी फोन पर्समधून काढलाच नाही. बाकीच्या तिघींनी तब्येत बरी आहे ना, म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी आधी सरांना गाठलं. सर निवृत्तीला आलेले, स्वभावानं फार सरळ. त्यांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत होते.

"मॅडम, तुमचं बराबर आहे. पण वर फोटो न्हाई गेला तर कार्यक्रम झालाच न्हाई म्हणतेत. मी काय दाखवू त्यांना?"

"सर, फोटो बंद करू म्हणत नाही. विचारून काढू म्हणते."

"पोरांना?"

"पोरांना. आणि त्यांच्या घरच्यांनाही."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "इचारा. बिलकुल इचारा. पण पोरं न्हाई म्हणली तर काय करायचं, तेबी ठरवून ठेवा."

मी एक शंभर पानी वही घेतली. सव्वीस मुलांना एकेक करून ऑफिसात बोलावलं. फोनमधले त्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, यातला कोणता ठेवू, कोणता काढू, इथून पुढं तुझा फोटो टाकला तर चालेल का? उत्तरं वहीत लिहिली आणि घरच्यांच्या सहीसाठी एकेक चिठ्ठी दिली. मला वाटलं होतं अर्ध्या तासात उरकेल. तीन दिवस गेले. मुलं आपला फोटो इतक्या बारकाईनं पाहतात, याची मला कल्पना नव्हती. एक जण म्हणाला, सगळे ठेवा, पण आणखी काढा, माझे कमी आहेत. एकीला फक्त जेवतानाचा नको होता. एकीनं सांगितलं, फोटो टाका पण नाव टाकू नका, मामाला कळलं तर तो शाळेतून काढा म्हणेल. स्पर्धेत हरून रडणारा मुलगा आपला फोटो पाहून स्वतःच खो खो हसला, म्हणाला, "मॅडम, राहू द्या, लई भारी दिसून राह्यलो." मी मात्र तो हसरा चेहरा काढून टाकला.

उंच मुलगी शेवटी आली. तिनं सगळे फोटो पाहिले. विज्ञान प्रदर्शनाचा ठेवा म्हणाली. कवायतीचा ठेवा म्हणाली. लाल स्वेटरवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा काढा."

"काय झालं होतं?"

मग तिनं सांगितलं. स्वेटरं वाटली त्याच आठवड्यात जाफराबादकडं मावशीच्या घरी लग्न होतं. तिथल्या पोरांनी तो फोटो कुणाच्या तरी फोनात पाहिला होता. लग्नभर तिला स्वेटरवाली, स्वेटरवाली म्हणून चिडवलं. तेव्हापासून तिनं ते अंगाला लावलं नाही. हे सांगताना ती रडली नाही. टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होती.

माझ्या फोनातून, माझ्या स्टेटसच्या साठ्यातून, शाळेच्या ग्रुपवरून मी तो फोटो तिच्यासमोरच काढून टाकला. पण फेसबुकचं पान माझ्या हातात नव्हतं. ते तिलाही माहीत होतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्यासोबत तिच्या घरी गेले. आई नुकतीच शेतातून आली होती, हातपाय धूत होती. मला पाहून घाबरली. पोरीनं काही केलं का, म्हणाली. मी म्हणाले, पोरीनं नाही, मीच केलंय. आणि न विचारता फोटो टाकल्याचं सांगून माफी मागितली.

आई माझ्याकडे पाहतच राहिली. "अहो मॅडम, माफी कशाची? स्वेटर लई चांगलं हाय की. ही घालीना म्हणून म्याच घालून जाते सकाळी कापूस वेचायला." आणि तिनं दोरीवरून लाल स्वेटर ओढून दाखवलं. कोपराला कापसाचे तंतू चिकटलेले होते. "अन् फोटो तर मला आवडला होता. शेजारच्या पोराला सांगून म्या मोबाइलात ठेवून घेतला. कुठं लेकराचा येवढा मोठा फोटो काढणं होतं आपल्याच्यानं?"

तिनं फोन दाखवला. सहा फेटेवाले बाजूला कापून टाकलेले होते. नुसती मुलगी आणि तिच्या हातातलं लाल काहीतरी.

मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मायच्या फोनातला राहू द्या. तो चालतो."

मग दुसरा का नको, असं आईनं विचारलं तेव्हा तिनं लग्नातल्या चिडवण्याची गोष्ट सांगितली. लेकीनं तिला इतके दिवस सांगितलंच नव्हतं. आईनं स्वेटर परत दोरीवर टाकलं. मग लेकीच्या पाठीत हलकेच थापटी मारून म्हणाली, "सांगायचं न्हाई का गं? त्या मावशीच्या पोरांना मी बघते." आणि आत चहा ठेवायला गेली. चहा घेतल्याशिवाय तिनं मला सोडलं नाही. गाडीवाल्याचे दोन फोन येऊन गेले तरीही नाही.

शनिवारी दुपारी मी मंडळाच्या अध्यक्षांच्या दुकानावर गेले. नवीन जालन्यात बी-बियाणं आणि खताचं मोठं दुकान आहे त्यांचं, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. फोन मी आधी केला होता, पण फोनवर ते म्हणाले होते, "मॅडम, फोटो टाकला न्हाई तर आमच्या मेंबरांना कळणार कसं?" तोंडावर बोललेलं बरं, असा विचार करून गेले. मनात थोडी भीतीही होती. हा माणूस दर वर्षी शाळेला काही ना काही देतो. बिनसलं तर पुढच्या वर्षी मुलांना मिळायचं नाही.

त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी वाद घातला नाही. फोटो उघडून फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "साहेब, फक्त पोरीचं तोंड बघा."

त्यांनी फोन लांब धरला, जवळ घेतला. गिऱ्हाईक आलं, त्याला हातानंच थांबवलं.

"पोरीचं तोंड मी पाह्यलंच न्हवतं," ते म्हणाले. "मी आमचेच लोक पाहून राह्यलो होतो, कोणाचा फेटा बराबर बसला, कोण मागं राह्यलं." आणि मग थोड्या वेळानं, "माझीबी नात आहे एवढीच."

त्यांनी मुलाला हाक मारली. पान तोच चालवत होता. त्यानं तिथंच तो फोटो पानावरून काढून टाकला. पण मी निघताना तो मला म्हणाला की ज्यांनी ज्यांनी तो आपापल्या पानावर घेतला असेल, किंवा फोनात उतरवून घेतला असेल, त्यांचं आपल्याला काही करता येणार नाही. ते मलाही ठाऊक होतं. प्रशिक्षणात तेच तर शिकवलं होतं.

सोमवारी मी त्या मुलीला खरं ते सांगितलं. "जिथून निघालं तिथून काढलं. बाकी कुणाकडे असेल तर मला सांगता येत नाही."

"माहितै मॅडम," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं, गेलेलं परत येत न्हाई म्हणून." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "पण तुम्ही दुकानावर गेल्ता ना? बस मंग."

त्या दिवशी मला घरी गेल्यावर फार मोकळं वाटलं. भाजी निवडताना मी गुणगुणत होते, हे माझ्या मुलानं लक्षात आणून दिलं तेव्हा कळलं.

यंदा मंडळाचे लोक पुन्हा आले. बिनसलं वगैरे काही नव्हतं. या वेळी दप्तरं आणली होती. येण्याच्या आदल्या दिवशी त्याच सव्वीस मुलांच्या वर्गात बैठक झाली. आता ही मुलं आठवीत, पण आमची शाळा आठवीपर्यंत आहे, त्यामुळे माझ्याच हाताखाली. प्रश्न असा की फोटो कसा काढायचा. मंडळाला तो लागतो, सरांना वर पाठवायला लागतो, आणि वहीत नऊ मुलांनी नको म्हटलेलं. एक जण म्हणाला, नऊ जण बाजूला उभे राहतील. लगेच दुसरी म्हणाली, मग सगळ्यांना दिसेल ना, कोण बाजूला आहे ते. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की दप्तरं सगळ्यांना वर्गात, आपापल्या जागेवर द्यायची. व्यासपीठ नाही, नाव पुकारणं नाही. आणि फोटो काढायचा तो देणाऱ्यांचा, दप्तरांच्या ढिगासोबत. पाहुण्यांचं स्वागत झाल्यावर, वाटप व्हायच्या आधी.

फोटो काढायचं काम त्या उंच मुलीनं मागून घेतलं. मी माझा फोन तिच्या हातात दिला. सात-आठ पाहुणे दप्तरांच्या मागे ओळीनं उभे राहिले. फेटे बसवून घेतले, पोट आत घेतलं. तिनं फोन वर धरला आणि परत खाली घेतला. मग ओळीच्या एका टोकापासून सुरुवात केली.

"काका, तुमचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला तर चालेल का?"

"हो, हो, टाक की."

"तुमचा, काका?"

"चालेल."

असं करत करत ती दुसऱ्या टोकाच्या गृहस्थांपाशी आली. पांढऱ्या मिशांचे, मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "बाळा, इचारलंस ते लई चांगलं केलंस. माझा नको. डॉक्टरनं प्रवास करू नको म्हटलंय. घरी दुकानावर चाललो म्हणून सांगून आल्तो."

तरी ते सगळ्या ओळीला ऐकू गेलं. मग अध्यक्षच इतके जोरात हसले की त्यांचा फेटा मागे सरकला. सगळी ओळ हसायला लागली. मिशीवाले आजोबा स्वतःही हसत हसत ओळीतून बाहेर पडले आणि खुर्चीवर जाऊन बसले. मुलगी मात्र हसली नाही. तिनं गंभीरपणे वही उघडली आणि नको म्हणणाऱ्यांच्या यादीत एक नाव वाढवलं. मग फोटो काढला. तो फोटो सुंदर आला आहे. सगळे मनापासून हसताहेत.

तोच सरांनी वर पाठवला. थोड्या वेळानं वरच्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. सर फोन कानाला लावून उभे राहिले, मी समोर. पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही. सर म्हणाले, "पोरं वर्गात हायेत साहेब. दप्तरं मिळाली. तुम्ही कधीबी येऊन बघा." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "ठीक आहे म्हणले." एवढंच. मी कितीतरी दिवस याची धास्ती घेतली होती आणि ते दोन-तीन वाक्यांत संपलं.

सगळंच काही सुधारलं असं नाही. मुलं अजूनही खोटे निरोप पुढं ढकलतात. सरपंचाच्या फोनचं पॅटर्न बदललं आणि आठवड्याभरात ते पुन्हा वर्गाला माहीत झालं. गेल्या आठवड्यात एका मुलाचा गृहपाठ अर्धाच होता. मी वहीचा फोटो त्याच्या वडिलांना पाठवायला फोन काढला, तर तो उठून उभा राहिला.

"मॅडम, या फोटोला माझी परवानगी न्हाई."

वर्गात हशा पिकला. मीही हसू आवरू शकले नाही. "बरं," मी म्हणाले, "मग वडिलांना शाळेत बोलावते. त्यांनी वही इथंच बघावी."

त्यानं वही ओढून जवळ घेतली. मग म्हणाला, "उद्या पूर्ण करून आणतो." आणि खरंच घेऊन आला. शेवटची दोन उदाहरणं चुकलेली होती. मी ती फळ्यावर घेतली आणि सगळ्या वर्गाला परत समजावून सांगितली.